लांबच्या वाटेची राखण

गाडीतला दोष मी नुसत्या आवाजावरून ओळखतो. पाना लावून जे उघडता येत नाही त्यावर माझा विश्वास नाही. निदान नव्हता. म्हणून पुढचं सांगताना माझं मलाच अवघड होतंय.

लालबागला आमच्या गावकऱ्यांची खोली होती. तळकोकणातल्या एकाच गावचे आम्ही तेरा-चौदा जण तिथे राहायचो. प्रत्येकाला भिंतीशी एक पेटी, वर एक खुंटी आणि झोपायला चटईपुरती जागा. बाकीचे सगळे गिरणीत, मी तेवढा गिरगावातल्या गॅरेजचा ड्रायव्हर. जेवण शेजारच्या कमलाबाईंच्या खानावळीत. रामदास माझा चुलतभाऊ. त्याला गावाहून मी आणला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, मी चिकटवला आणि खोलीत जागा मिळेपर्यंत माझ्याच चटईवर झोपवला. हे मी मुद्दाम सांगतोय.

पंचावन्न सालचा नोव्हेंबर. मुंबई कुणाची यावरून गिरणगाव तापलेलं. रोज सभा, रोज मोर्चे. नेमकी तेव्हाच गॅरेजच्या मालकांनी एक जीप कुमाऊंच्या डोंगरात, बागेश्वरच्याही पलीकडे, एका लाकूड ठेकेदाराला पोचवायला सांगितली. क्लीनर ऐन वेळी तापाने आडवा झाला. मी म्हटलं, एकटा जातो.

निघताना अप्पांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. अप्पा खोलीतले सर्वांत वडील. गावी देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. फुटपाथवर चाकापुढे नारळ ठेवून ते हात जोडून उभे राहिले.

"बा देवा महाराजा, आमचो दत्तू लांबच्या वाटेक लागता हा. तेच्या पाठीपुढे राखण ऱ्हव आणि तेका सुखरूप परत हाड रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे ओरडले. रामदासचा आवाज सगळ्यांत मोठा.

आमच्याकडे अशी समजूत आहे की गाऱ्हाण्यात ज्याचं नाव घेतलं त्याच्यासोबत राखणदार चालतो. त्याच्याकडे वळून बघायचं नाही, बोलायचं नाही. जेवताना एक घास त्याच्यासाठी बाजूला काढायचा, एवढंच. मी हसलो, पण घास मात्र काढत गेलो.

आग्रा रोडने ग्वाल्हेरपर्यंत काही वेगळं जाणवलं नाही. हल्द्वानी सोडून घाट सुरू झाला आणि माणसांची वर्दळ तुटली. एका बाजूला पाइनची झाडं, दुसरीकडे दरी, आणि मैलोन् मैल आपल्याच इंजिनाचा आवाज. तिथे कधीतरी डावीकडच्या रिकाम्या सीटची स्प्रिंग करकरली. जीप किंचित डावीकडे कलली. बाजूने ऊब यायला लागली, कुणी खेटून बसल्यावर येते तशी. मी उतरून टायरची हवा पाहिली. बरोबर होती.

अल्मोड्याला चहावाल्याने दोन ग्लास ठेवले. मी एकटाच आहे म्हटल्यावर त्याने मान उंच करून जीपकडे पाहिलं आणि दुसरा ग्लास मुकाट्याने उचलला. मला भीती वाटली नाही. खरं सांगतो, बरं वाटलं. एवढ्या परक्या मुलखात माझ्या माणसांनी माझ्यासोबत कुणीतरी धाडलं होतं.

सोमवारी गरूड गाव मागे टाकलं. उपास असल्यामुळे मी जेवायला थांबलो नव्हतो. उन्हं कलत आली होती आणि दरी डाव्या हाताला होती. चालता चालता बाजूची ऊब गेली. विझवल्यासारखी गेली. सीटची स्प्रिंग वर आली.

मग ती पुन्हा दबली. या खेपेला कितीतरी जास्त.

सीटकडून गार हवा यायला लागली. ओल्या कापडाचा वास आला. स्टिअरिंग डावीकडे ओढ घेऊ लागलं. मी थांबून जीपखाली शिरलो, सांधे हलवून पाहिले. सगळं घट्ट होतं. पुन्हा निघालो तर ओढ वाढलेली.

वळणावर माझ्या मनगटावर हात पडला.

माझ्या डोळ्यांना काही दिसलं नाही. पण पाच बोटं होती आणि ती घाईत नव्हती. ती मला दरीकडे वळवत होती.

मी ब्रेकवर उभाच राहिलो. पुढचं डावं चाक दरीवर हवेत लोंबकळत होतं.

कसाबसा उतरलो. गुराखी गोळा झाले, त्यांनी जीप मागे ओढली. उरलेली वाट मी उजव्या कडेने, पायी चालण्याच्या वेगाने काढली. जीप ठेकेदाराच्या हवाली केली आणि रेल्वेने परतलो.

दादरला उतरून खोलीवर आलो. दुपार होती, रातपाळीचे लोक नुकतेच उठले होते. मला पाहून एकानेही "इलंस?" म्हटलं नाही. माझी पेटी गॅलरीत काढून ठेवलेली. रामदास दंडाला पट्टी बांधून बसला होता. त्याने मान खाली घातली.

मी कमलाबाईंना गाठलं. त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "सोमवारी फोर्टात गोळीबार झालो. रामदासाक गोळी लागली. तेका उचलून हाडल्यानी, पण रगात थांबा नाय. मगे अप्पांनी गाऱ्हाणा घातल्यानी. माका जास्त इचारू नको, दत्तू."

मी खोलीत येऊन अप्पांसमोर उभा राहिलो. "काय मागितलंत?"

अप्पांनी सुपारी कातरायची थांबवली नाही. "काळ दारात इलोलो. तेका रित्या हातान परत कसो धाडतलंव? कोणाचा तरी नाव घेवक व्हया होता."

"आणि माझं घेतलंत?"

"मी नाय. रामदासान घेतल्यान."

रामदास पुटपुटला, "तू लांब होतंस. हयसर बाकीचे सगळे डोळ्यांसमोर होते रे."

"आणि बाकीचे?"

उत्तराची गरजच नव्हती. नावानंतर सगळ्यांनी मिळून काय म्हणायचं असतं ते मलाही पाठ आहे.

"परत घ्या," मी म्हटलं.

"दिलला परत घेवचा नसता," अप्पा म्हणाले.

माझ्या अंगाची आग आग झाली. भांडावं, एकेकाची गचांडी धरावी असं वाटलं. पण तीन रात्रींच्या प्रवासात डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी माझ्या जागी चटई पसरली आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झालो. मागे चटया गुंडाळल्याचे आवाज आले. एकेक जण गॅलरीत निघून गेला. सगळ्यांत आधी रामदास.

खोलीत मी एकटा. तरी ओल्या कापडाचा वास आला.

कुणीतरी माझ्या अंगावर चादर ओढली. आधी पाय झाकले. मग छाती. अगदी मायेने, सुरकुती काढत.

मग तोंडावरून घेतली.

हात उचलावा म्हटलं, उचलेना. श्वास चालू होता, कान शाबूत होते. दाराशी पावलं थबकली. रामदास हुंदके देऊन रडायला लागला. कुणीतरी त्याला "गप रे, गप" म्हणालं.

आणि अप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "गावाक तार करा."