टाळूवरच्या वळ्या

तोंडात मापाचा गुलाबी लगदा भरलेला असताना कुणाला हसता येत नाही, असं मला वाटायचं. पण त्या दिवशी धुक्यातून आमच्या दंत महाविद्यालयात आलेला तेत्सुया डोळ्यांनी हसला.

"सगळ्यांनाच इतकं जवळून बघता?" लगदा निघताच त्यानं विचारलं.

"फक्त जुळ्यांना. आमचा अभ्यासच तो आहे."

"मग मी अर्धाच. माझा भाऊ, नाओकी… लहानपणीच नदीत गेला."

"अर्ध्याला चहा चालतो?"

"चालतो? धावतो!"

मग चहा होत राहिले, आणि माझा त्याच्यावर जीव जडला.

एका दुपारी त्याच्या दातांचा आणि टाळूचा नवा साचा मी, आमच्या अभ्यासासाठी कपाटात जपलेल्या दोघा भावांच्या बालपणीच्या साच्यांशेजारी ठेवला. जुळ्यांचे चेहरे, दात सारखे असतात. टाळूवरच्या वळ्या मात्र ज्याच्या त्याच्या, जन्मभराच्या. तेत्सुयाच्या वळ्या मेलेल्या नाओकीच्या साच्याशी जुळत होत्या! कपाटातले सगळे पांढरे जबडे माझ्याकडे बघून हसताहेत असं वाटलं.

तशीच त्याच्या घरी गेले. पितरांच्या देव्हाऱ्यात एका मुलाचा फोटो होता, खाली नाव नाओकीचं. तेत्सुया त्यापुढे उदबत्ती लावत होता.

"स्वतःलाच लावतोस?" मी हळूच विचारलं.

उदबत्ती त्याच्या हातून गळून पडली.

"आईनं पोहायच्या टोप्यांवर आमची नावं शिवली होती. त्या दिवशी नदीवर आम्ही गंमत म्हणून टोप्या बदलल्या… तिनं टोपी पाहिली, मला कवटाळलं. 'माझा तेत्सुया वाचला!' तो तिचा लाडका होता, मिओरी. कसं सांगणार? तू तरी एकदा… माझ्या नावानं हाक मार ना."

मला भीती वाटत होती, पण प्रेम त्याहून जास्त वाटत होतं. फोटोतला मुलगा माझ्याकडेच बघत होता.

"नाओकी…"

"ओ!" त्यानं ओ दिली—अगदी लहान मुलाच्या आवाजात.

सरकत्या दारात त्याची आई उभी होती.

"झोपेत अंगठा कोण चोखायचं, ते आईला कळत नाही होय रे? पहिल्याच रात्री ओळखलं होतं मी."

"मग इतकी वर्षं…?"

"वाटलं, तुलाच तो व्हायचंय. मी इथे रोज भात ठेवते, तो तेत्सुयालाच."

देव्हाऱ्यातली छोटी घंटा किणकिणली. कुणीच तिला हात लावला नव्हता.

आईनं डोळे पुसले, मला न्याहाळलं.

"आणि ही कोण, नाओकी?"

त्यानं माझा हात घट्ट धरला. "मी अर्धा होतो, तेव्हाच हिला आवडलो."