भट्टीचं दार

"माझा मुलगा गेला, तो काही परत येणार नाही. पण ज्या म्हाताऱ्याने त्याला ऊब दिली तोच आज कोठडीत बसलाय. ते दार कुणी लावलं, तेवढं शोधून द्या."

रक्कोश नावाची ती बाई एवढं बोलली आणि समोरचा चहाचा पेला तिने दूर सारला. शिशावाकडच्या एका मेंढपाळाची बायको. एकटीच माराकेशला आली होती.

शामाने तिचा हात हातात घेतला; लोक शामाला मानाने 'लल्ला' म्हणत. मुलांच्या सुधारगृहात वीस वर्षं काढल्यावर शामा आता घरातून पळालेली पोरं शोधून द्यायची. तिचा जोडीदार हम्मादी हा पोलिसातून निवृत्त झालेला शिपाई. डोकं शामाचं आणि पाय हम्मादीचे, असा दोघांचा धंदा चालायचा. पाय हल्ली कुरकुरू लागले होते.

प्रकरण हम्मादीने वर्तमानपत्रात वाचलं होतं. शुक्रवारी पहाटे जुन्या शहरातल्या एका हमामाच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, भट्टीघरात तिचा पंधरा वर्षांचा अय्यूब मेलेला सापडला. निखाऱ्यांच्या विषारी वायूने गुदमरून. दाराला बाहेरून कडी होती. पोलिसांनी भट्टीवाल्या बा अल्लालला उचललं.

"पळाला कशाने?" शामाने विचारलं.

"बापाने शाळा सोडवली, मेंढरांमागे लावलं. नाही म्हणाला की मार. पहिल्यांदा पळाला ना, तेव्हापासून आमचे हे त्याचे बूट रात्री आपल्या उशाशी घेऊन निजायचे. शेवटी पोर अनवाणीच गेलं. चार महिने झाले."

"गुरुवारी तुमचे मालक कुठे होते?"

"मेंढरं विकायला बाजाराला. शुक्रवारी संध्याकाळी आले. तेव्हापासून अन्नाला शिवले नाहीत. बाप आहे शेवटी."

शामाने मान हलवली. हम्मादीने डोळे पुसले आणि सर्दी झाल्याचं नाटक केलं.

कोठडीतला बा अल्लाल आठ दिवसांत वाळून गेला होता.

"गुरुवार होता, लल्ला. राखेत चाळीस घरांच्या तांजिया." गुरुवारी संध्याकाळी अख्खी गल्ली मटणाच्या मातीच्या सुरया त्याच्या हवाली करायची. त्या रात्रभर भट्टीच्या राखेत शिजायच्या आणि शुक्रवारच्या जेवणाला घरोघर जायच्या. "मला ताप भरला. अय्यूब म्हणाला, बा, तुम्ही घरी जाऊन पडा, सुरया मी सांभाळतो. मी उघड्या दाराला दगड लावून गेलो. पहाटे येऊन बघतो तर दगड बाजूला आणि कडी घातलेली."

"कडी होती, हे पोलिसांना तुम्हीच सांगितलंत?"

"मग? माझ्याशिवाय होतं कोण तिथे?"

"दगड कशासाठी?"

"अगं, त्या खोलीला नाक तेवढंच! गुरुवारी सुरयांसाठी निखारे बाहेर ओढलेले असतात, दार लावायचं नसतं, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल."

"अंगावर काय होतं त्याच्या?"

"नवं जाकीट. मदत वाटणाऱ्या बायकांनी त्याच दिवशी दिलं होतं. खिशात फोन होता. बूट मात्र नव्हते. भुरट्यांनी नेले म्हणतात." म्हातारा रडू लागला. "मी घरी जायला नको होतं गं."

हमामाचा मालक सी थामी भेटला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"मी अल्लालला शंभरदा बजावलं होतं, त्या पोराला हाकल म्हणून. धर्मशाळा आहे का ही?"

"म्हणजे गेला ते बरंच झालं?" हम्मादीने टोमणा मारला.

"तसं नाही म्हटलं मी. चार पिढ्या आम्ही या भट्टीच्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्या राखेत माझ्या घरचीही तांजिया होती. आठ दिवस झाले, घरात कुणी मटणाचं नाव काढत नाही."

चौकात अय्यूबचा रस्त्यावरचा सोबती मीमून सापडला. वय सोळा, पण डोळे सोळाचे वाटत नव्हते. कुशीत एक कुत्रं.

"बूट तू चोरलेस ना रे?" हम्मादीने त्याची मानगूट धरली.

"कसले बूट, काका! दोन्हींतून अंगठे बाहेर यायचे. चोरायचं तर जाकीट नसतं का चोरलं? थंडीने इथे बोटं झडायची वेळ आलीय!"

"सोड त्याला," शामा म्हणाली. "त्या दिवशी अय्यूब भेटला होता?"

"संध्याकाळी. दोन वाट्या सूप प्यायला. कुणीतरी पाजलं म्हणाला, कोण ते सांगेना. हसत होता नुसता." मीमूनने कुत्र्याच्या पाठीत तोंड खुपसलं. "आम्हाला कुणी फुकट सूप पाजलं ना, तर आम्ही आधी पळतो, लल्ला. पाजणारे कसे असतात ते आम्हाला माहीत आहे. तो पळाला नाही."

शामाने आपली शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली आणि गाडीकडे चालू लागली.

शिशावाच्या रस्त्याला हम्मादीने बोलता बोलता तीनदा थामीला फाशी दिली आणि दोनदा मीमूनला. शामा खिडकीबाहेर बघत होती.

रक्कोशचं घर माळावर होतं. अंगणात, उघड्यावर, भाकरीची मातीची भट्टी. शेजारी काट्यांचं कुंपण, त्यात मेंढरं. तिचा नवरा बूजमा कुंपणाच्या झापाला टेकून बसला होता. पाहुणे बघूनही तो उठला नाही.

"बा अल्लालने दार लावलं नाही," शामा उभ्याउभ्याच बोलू लागली. "लावलं असतं तर कडीची गोष्ट तो स्वतःहून कशाला सांगेल? थामीनेही नाही. गुरुवारी राखेत सुरया असताना ते दार लावणं म्हणजे मरण, हे त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक. शिवाय तिथे त्याचं स्वतःचं जेवण शिजत होतं. ज्याने लावलं त्याला हे ठाऊकच नव्हतं. त्याने भट्टी पाहिलेली ती उघड्या अंगणातली."

रक्कोश अंगणातल्या भट्टीकडे बघत राहिली.

"राहिले बूट. नवं जाकीट अंगावर, फोन खिशात, आणि नेले काय तर फाटके बूट. चोर न्यायला येतो, खुनी मारायला येतो. हा माणूस पोराला ठेवायला आला होता. त्याने आधी पोराला पोटभर सूप पाजलं. रस्त्यावरचं पोर अनोळखी माणसाच्या हातचं सूप पिऊन हसत नाही. मग बूट काढून घेतले आणि कडी घातली. पळणाऱ्या पोराचे बूट उशाशी घेऊन कोण निजतं, बूजमा?"

हम्मादीच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला आणि तो पडायला नको होता असं त्याला वाटलं.

बूजमा जमिनीकडे बघत बोलू लागला. "बाजारात एकाने सांगितलं, तुझा पोरगा माराकेशला दिसला. मेंढरं तिथेच सोडून मी धावलो. मारलं नाही मी, देवाशपथ. त्याला म्हटलं, चल, शाळेत घालतो परत. तर म्हणाला, सकाळी येतो, बाबा. आज बा अल्लालला शब्द दिलाय, चाळीस घरांचं जेवण माझ्यावर आहे."

"मग?"

"त्याचा डोळा लागेपर्यंत मी बाहेर बसून राहिलो. मग बूट उचलले, दार लावलं आणि मशिदीच्या पायरीवर जाऊन पडलो. पहाटे आलो तर गर्दी. पोलीस." त्याने डोकं गुडघ्यांत घातलं. "त्या म्हाताऱ्याला धरलं, तरी माझी जीभ उचलली नाही."

रक्कोश त्याच्यासमोर येऊन खाली बसली.

"येतो म्हणाला होता?"

"हो."

"स्वतःच्या तोंडाने?"

"हो गं."

"मग कडी का घातलीत?"

बूजमाने तिच्याकडे पाहिलं. "मला खरं वाटलं नाही."

मग बूजमा आपण होऊन उठला आणि गाडीत मागे जाऊन बसला. हम्मादीने नोकरीत कितीतरी माणसं गाडीत घातली होती, पण आज मागचं दार त्याने अलगद लोटलं.

रक्कोशने डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधला आणि पुढचं दार उघडलं.

"तुम्ही कशाला येता, बाई?" शामा हलकेच म्हणाली. "घरी थांबा."

"म्हातारा आज सुटेल ना? मग तुरुंगाच्या दाराशी अय्यूबच्या घरचं कुणीतरी उभं असायला हवं."