भीमराजची अकरा नाणी

मोबाईल ठेवा बाजूले. मधात कोणी हसला तं मी उठून चाललो जाईन, मंग बसा एकमेकांचे तोंडं पाहत. पुस्तकातलं नाई सांगून राह्यलो. सलील कचेरीत बारा वर्षं माह्या बाजूच्या टेबलावर होता, त्याच्यासंगं घडलेलं आहे.

दोन हजार सहा साल. कापसाले भाव नव्हता, जिनिंगा एकामागून एक बंद पडून राह्यल्या होत्या, सारा जिल्हा तोंड पाडून बसलेला. नोव्हेंबरची वीस तारीख, सोमवार, अमावस्या. अर्धी सुट्टी टाकून सलील स्कूटरनं मारेगावले गेलता. काम साधं होतं. एका बाईजवळची जुनी नाणी पाह्यची अन् किंमत सांगायची. नाण्यांचा त्याले भारी नाद, पारख पक्की. नागपूरचे व्यापारी त्याच्या शब्दावर माल घेत.

बाईचं नाव प्रभावती. तिचा नवरा भीमराज मारेगावच्या एका जिनिंगवर कामाले होता. जिनिंग बंद पडली तसा तो कोकणात गेला, जेटीच्या मजुरीवर. समुद्र खवळून शांत झाला की किनाऱ्यावर काय काय फेकून जाते म्हणे, बुडालेल्या जहाजातले खिळे, भांडी, कधी नाणी. भीमराजले ते वेचायचा छंद लागला. सुट्टीच्या दिवशी वाळू चाळत बसे. अकरा नाणी भेटली त्याले, चांदीची, कोण्या परदेशी जहाजातली. आणखी एक दिसलं म्हणून पाण्यात जरा आत गेला, अन् लाटेनं नेला. मढंही नाई भेटलं. सोबतच्या मजुरानं नाणी तेवढी घरी आणून देल्ली.

प्रभावतीनं सरळ सांगितलं होतं. पोरीले, ममताले, नर्सिंगले टाकायचं आहे, तिच्या बापाचं एवढंच मांगं राह्यलं, तुम्ही बरोबर किंमत सांगा साहेब.

आता ऐका त्या हरामखोरानं काय केलं. चांदीचं नाणं दगडावर टाकलं की खणकन वाजते, हे तुमच्या आजीलेही माहीत आहे. पन समुद्रात पडून राह्यलेली चांदी खारं पाणी आतून खाऊन टाकते, म्हणून खरी असली तरी बद्द वाजते. हे सलीलले माहीत होतं, त्या बाईले नाई. त्यानं तिच्याच उंबऱ्यावर एकेक नाणं वाजवलं. बद्द. बद्द. अकराच्या अकरा. मंग तोंड वाकडं करून म्हणाला, "खोटी आहेत बाई. शिशाची."

बाईनं पोरीकडं पाह्यलं अन् पोरगी आत निघून गेली. यानं मोडीत घेतो म्हणून सहाशे रुपये हातावर ठेवले, नाणी रुमालात बांधली, वरून चहाही त्याच घरचा पेला. मले आजही राग येते सांगताना.

लोहाऱ्याच्या आपल्या घरी पोचला तवा आठ वाजले होते. बायको सुचित्रा माहेरी गेलती. जेवला, नाणी टेबलावर मांडली अन् भिंगातून पाहत बसला. लय खूश होता. एकेका नाण्याचे दहा हजार कुठं गेले नाई, हे त्याले पक्कं ठाऊक होतं. बरोबर अकराले लाईट गेली. मेणबत्ती शोधायले उठला तं पाय ओला झाला.

त्याले वाटलं नळ सुरू राह्यला. पन तवा नळ आठवड्यातून एकदा यायचा, अन् तो कालच येऊन गेलता. वाकून बोट बुडवलं. जिभेले लावलं.

खारं.

दाराकडं गेला. कडी निघाली, दार उघडेना. बाहेरून कोणी टेकून उभं असावं तसं. पाणी घोट्यावर... मंग गुडघ्यावर. गार. आवाज नाई. अंधारात टेबलाजवळची खुर्ची सरकली.

"साहेब," कोणीतरी म्हणालं. थकलेला आवाज, मजुराचा. "वाजवून पाहा."

नाणं याच्या हातात आलं. कोणी देल्लं, कसं देल्लं... टेबलावर टाकलं. बद्द.

"बोला."

अन् मूर्ख माणूस, इतकं झाल्यावरही सवयीनं तेच तोंडातून निघालं. खोटं आहे म्हणाला.

पाणी कमरेवर आलं.

"बरोबर सांगा, साहेब."

हजार, म्हणाला. छातीवर. दोन हजार. गळ्यावर. घासाघीस करून राह्यला होता, मेलेल्या माणसासंगं. हनुवटी वर केली. चवड्यावर उभा राह्यला. वरचा ओठ भिजला... नाकात पाणी...

"दहा. एकेकाचे दहा हजार."

मंग काही नाई.

बराच वेळ... काही नाई.

लाईट आली तं फरशी कोरडी. कपडे कोरडे. अकराही नाणी टेबलावर मांडलेली, जशीच्या तशी. सलील दाराले पाठ लावून उभा, मान वर केलेली, अन् थे मान त्याले खाली करवेना.

उजाडायच्या आत स्कूटर काढून त्यानं मारेगाव गाठलं. खरी किंमत सांगितली, बाईच्या पाया पडला. हे त्यानंच मले कचेरीत सांगितलं, रडत रडत. व्यापारीही त्यानंच आणला, नाणी त्यानंच विकून देल्ली. ममता नर्स झाली, हे मी डोळ्यानं पाह्यलं. पुरे पैसे देल्ले काय, म्हणून मी एकदा त्याले इचारलं. "देल्ले ना," म्हणे, अन् दुसरीकडं पाहू लागला.

त्या रातीनंतर आठ दिवसांनी त्याच्या घरात भिंतीवर एक रेघ उमटली. पांढरी, मिठाची, चारही भिंतींवर एका पातळीत, बरोबर त्याच्या वरच्या ओठाइतकी. चुना मारला. प्लास्टर फोडून नवं केलं. फरक नाई, थे येतेच. गवंडी म्हणते ओल आहे. असंल बाप्पा.

गेल्या दिवाळीले मी गेलतो फराळाले. सुचित्रा आत होती. सलीलले म्हटलं, जरा भिंतीले टेकून उभा राहा. तो राह्यला.

रेघ आता त्याच्या डोक्याच्या चार बोटं वर आहे.