खालच्या जबड्याचं माप

मी कवळ्या करतो. बत्तीस वर्षं लोकांच्या तोंडात बोटं घालतोय. पू, सडकी मुळं, दाढेखाली आंबलेला घास, सगळं पाहून झालंय. आपल्याला किळस येत नाही, असं मी चारचौघांत मिरवायचो. त्या दुपारी माझी मिजास उतरली.

माप घ्यायचं होतं माझ्याच थोरल्या बहिणीचं. ताई अठरा वर्षं मनाच्या आजाराच्या गोळ्या घेते. गोळ्यांनी तिचं डोकं शांत ठेवलं, हे कबूल, पण तोंडाची पार वाट लावली. आधी लाळ आटली, मग दात किडून एकेक गळाले. जीभ आतल्या आत सारखी वळवळायची. चहात बुडवलेल्या बिस्किटांपलीकडे ती काही खाईना. मग हिरड्या फुगून जांभळ्या झाल्या, बोट लागलं की रक्त. आणि वास... फुलदाणीत विसरलेल्या पाण्याचा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या थांबवता येणार नाहीत. पण हिच्या रक्तात काही उरलेलंच नाही. महिन्याभरात वजन वाढलं नाही, तर नळी घालून वॉर्डात ठेवावं लागेल."

वॉर्डाच्या नुसत्या नावाने ताई थरथरते. दोनदा राहून आली आहे. मी तिला शब्द दिला, दात बसवतो, तू घरीच राहशील.

वरचं माप सरळ निघालं. खालच्याला जीभ आडवी येऊ लागली.

"आवर गं जरा," मी म्हणालो.

"मी नाही हलवत. कुणीतरी ओढतं रे... आतून."

"गोळ्यांमुळे होतं ते. पाकिटातल्या कागदावरच छापलंय."

गुलाबी लगदा भरलेला साचा मी जबड्यावर दाबला. लगदा घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात आणि तोवर हात हलवायचा नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. दुसऱ्याच मिनिटाला ताईने माझं मनगट धरलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड. उमासे सगळ्यांनाच येतात. नाकाने श्वास घे म्हणालो आणि आणखी जोरात दाबलं. त्याची मला आजही लाज वाटते.

साचा निघाला तो पचकन, ओढूनच. त्याला चिकट, तपकिरी तार लोंबत होती. ती पुसून मी प्लास्टर ओतलं आणि तासाभराने तो प्लास्टरचा जबडा खिडकीशी धरला. हिरड्या छान उतरल्या होत्या. जिभेच्या कडेला मात्र, घशाकडून आलेली, चार बारीक बोटं होती. पेरं दिसत होती. नखंसुद्धा.

मी बेसिनवर वाकून भडाभडा ओकलो. पुन्हा त्या तोंडात हात घालणं माझ्याने होणार नव्हतं. सांगणार तरी कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. लगद्यात बुडबुडा राहिला की प्लास्टरवर गाठ उठते, ती आम्ही सुरीने खरवडतो. मी बोटं खरवडली आणि त्यावरच कवळी केली.

बसवली त्या दिवशी ताईने अख्खं सफरचंद खाल्लं. मी रडलोच. मग अंडी, केळी, उकडलेले बटाटे; ती दिवसभर खाऊ लागली.

एकदा घास चावता चावता म्हणाली, "पोट कधीच भरलंय रे... पण थांबले की ओढतं."

मी कानाडोळा केला. मला तिचं वजन वाढायला हवं होतं.

परवा महिना भरला. काटा नऊ किलोंनी पुढे गेला. जीभही शांत झाली, म्हणून डॉक्टरीणबाई खूश. वॉर्डाचा विषयच निघाला नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी ताईला आधार दिला. तिचा दंड माझ्या मुठीत मावला. गाल आणखी बसले होते, पोट पाठीला लागलं होतं. ते नऊ किलो तिच्या अंगावर कुठेच नव्हते.

"घरीच चाललोय ना आपण?"

मी ताईकडे पाहिलं. आवाज तिच्याकडूनच आला होता, पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी हो म्हणालो.