सुकापूरच्या म्हशी

वेणू पाटीलची दुसरी म्हैस आडवी झाली आणि सुकापुरातली माणसं काठ्या घेऊन कारखान्याकडे निघाली. नवऱ्यामागे वेणू दूध विकून घर चालवत होती. आता गोठा रिकामा होता. गाढी नदीवर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. वरच्या अंगाच्या रंगाच्या कारखान्याचा वॉचमन सकाळीच मार खाऊन दवाखान्यात पोचला होता.

१९९२चा फेब्रुवारी. फौजदारांनी जमाव कसाबसा थोपवला आणि सरकारी प्रयोगशाळेतून वसुंधरा प्रधानांना बोलावून घेतलं.

“संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, बाई. नंतर हे लोक माझं ऐकायचे नाहीत.”

वसुंधराबाई आधी कारखान्याच्या नाल्यापाशी गेल्या. पाणी लालसर, वास घाण. पण नाल्याखालच्या डोहात बारीक मासे पळत होते.

त्या काठाकाठाने खाली आल्या. जगन पाटलाच्या वांग्याच्या मळ्यापर्यंत मेलेला मासा दिसला नाही. मळ्याखाली मात्र सडाच पडला होता. खडकाच्या खळग्यात पांढरट पाणी साचलं होतं. त्याला रॉकेलसारखा वास येत होता.

जगन हा वेणूचा थोरला दीर. सकाळी जमावाच्या पुढेही तोच होता; आता घरी ओट्यावर बसला होता. त्याच्या म्हशी अंगणात बांधलेल्या होत्या.

“जनावरं नदीवर नेली नाहीत?”

“काल सकालपासून बांधलीत. पान्यात विष हाय ना!”

“मासे कधी मेले?”

“काल दुपारनंतर. सगल्या गावानं बघितलं.”

“वांग्यांवर काय फवारलंत?”

“अजून कायपन नाय.” जगन उठला. “कंपनीला विचारा, बाई. मला काय विचारता?”

वसुंधराबाई मळ्यात शिरल्या. एक पान चुरगळून हुंगलं आणि तशाच चावडीवर आल्या. फौजदारांनी जगनसकट सगळ्या गावाला तिथं बोलावून घेतलं.

“कारखान्याचं पाणी वाईट आहेच, त्याची चौकशी होईल. पण मासे त्यानं मेले असते तर नाल्यापाशीच मेले असते. ते मेले मळ्याखाली. पाण्यात पडलं की पांढरं होणारं, रॉकेलच्या वासाचं औषध वांग्यांवर मारतात. मळ्यातल्या पानांना तोच वास आहे. जगनराव, फवारून उरलेलं औषध तुम्ही काल सकाळी नदीत ओतलंत. प्रयोगशाळेत ते सिद्ध होईलच. पण मासे मेले दुपारनंतर. मग म्हशी सकाळीच का बांधल्या? पाण्यात विष आहे हे तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं?”



“हरसाल ओततो,” जगन पुटपुटला. “धार घेऊन जाते. औंदा पानी कमी, ते ध्यानातच आलं नाय.”

वेणू पुढे आली.

“भावजी, काल माझ्या म्हशी तुमच्या दारावरनंच नदीला गेल्या. तुमी ओट्यावर बसला व्हता.”

“बोललो असतो तर माझ्यावरच आलं असतं, वेणू.”

वेणू फौजदारांकडे वळली.

“लिवून घ्या, सायेब. तक्रार माझी हाय.”