मधलं बटण

त्या काळात फाशी नव्हती. खुन्याला मेलेल्याची वेदना देत. प्रत्येकाच्या कानामागे तांदळाएवढा मणी बसवलेला असे. मेंदूत जे घडेल ते तो अक्षरांत उतरवी. त्या मजकुराला स्मृतिलेख म्हणत. एकाचा लेख दुसऱ्याच्या मण्यात घातला, की त्याच्या आत ते सगळं जसंच्या तसं घडे. थाप वाटत असेल, तर कानामागे चाचपू नका, एवढंच सांगतो.

गोदूबाई शेलार मिरजेच्या शिक्षागृहात आल्या, तेव्हा टिके खुर्चीला पट्ट्यांनी आवळलेला होता. टेम्पो मागे घेण्याच्या भांडणात त्यानं त्यांच्या लेकाला, दिगूला, पहारीनं ठेचून मारलं होतं. अकरा मिनिटं. शिक्षा की माफी, हे आईनं ठरवायचं असा कायदा.

“हे चालतं कसं हो, डॉक्टर?”

“सोपं आहे, मावशी.” डॉ. इनामदार टर्मिनलसमोर बसले. “ओळींवरून माउस दाबून ओढला, की मजकूर उचलला जातो. नवं उचललं की जुनं गेलं. मग पडद्यावर ज्याच्या खिडकीत घालायचं, तिथं माउसचं मधलं बटण दाबायचं. पडताक्षणी सुरू. थांबवता येत नाही.”

“म्हंजे तोंडातनं गेलेल्या शिवीगत.”

“म्हातारे, आटप की!” टिके खुर्चीतून थुंकला.

आईनं काहीही ठरवलं, तरी लेकराची एक गोड आठवण तिला देत. डॉक्टरांनी ती आधीच उचलून ठेवली होती: आईच्या खांद्यावर बसून जत्रा बघणारा पाच वर्षांचा दिगू.

“मारताना ह्याच्या मनात काय होतं, ते वाचा,” गोदूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांचे वडील पुराणिक. पोथी वाचताना ओळीवर बोट फिरवायची घरची सवय. बोटाच्या जागी आता माउस आला होता. तो दाबून ओळीओळीवरून नेत डॉक्टर टिकेचा लेख वाचू लागले. “पहिला घाव डाव्या कानावर. हाड फुटलं. बरं वाटलं. आणखी एक...” असं शेवटपर्यंत.

गोदूबाईंनी डोळे पुसले. “सोडा त्याला. हा राग आणि कुणाच्या अंगात नको.”

डॉक्टरांना हायसं वाटलं. “मग भेटा दिगूला,” म्हणत त्यांनी गोदूबाईंच्या खिडकीत मधलं बटण दाबलं.

गोदूबाई उठल्या. लोखंडी स्टूल उचलून त्यांनी टिकेच्या डाव्या कानावर हाणलं.

“टेम्पो मागं घे म्हणतो ना!”

डॉक्टर मध्ये पडले, तर त्यांचं उजवं मनगट कडकन मोडलं. टिकेचे दात पडद्यावर आपटले. तोंड होतं तोवर तो “आजी, आजी” ओरडला. स्टूल मात्र पूर्ण अकरा मिनिटं चाललं.

मग ते हातातून गळलं.

“डॉक्टर, मी दिगूला मारलं.”

“नाही मावशी, हा टिके...”

“मला आठवतंय की! ‘आई’ म्हणाला तो. मी थांबले नाही. आणि बरं वाटत होतं मला.”

लेख घालायचं यंत्र होतं. काढायचं कुणी बनवलं नव्हतं.

रक्तातून पाय ओढत त्या टर्मिनलपाशी आल्या. केस कानामागे सारले.

“दिगूची ती अकरा मिनिटं मला घाला.”

डॉक्टरांनी डाव्या हातानं माउस धरला.

“आणि ह्या खेपेला वाचत बसू नका.”