टिपकागदावरची सही

"बाई, काकांनी सही केली होती! काल, माझ्या डोळ्यांदेखत!"

लीलाने नर्सिंगचा फॉर्म सुलोचनाबाईंसमोर धरला. पालकाच्या सहीची जागा कोरी होती. पाचच्या आत तो ऑफिसात पोचला नाही, तर ग्वाल्हेरची जागा गेलीच. साडेतीन वाजले होते.

सुलोचनाबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. भुताटकीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्या तडक लीलाच्या घरी निघाल्या.

काका, म्हणजे अप्पासाहेब, आधीच तापलेले. "केली म्हणजे केली सही! कागदच चिकना होता, टाक घसरत होता."

"टिपली कोणी?"

"वहिनींनी. लगेच."

वहिनी म्हणजे लीलाची आई, रमाबाई. त्यांनी टिपकागद आणून दिला. त्यावर उलटी सही होती, चांगली गडद.

"सहीच्या आधी फॉर्म कुठे होता?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये," चुलतभाऊ दिवाकर म्हणाला.

बाईंनी ड्रॉवर ओढून पाहिला. "कडांना मेण कशाला?"

"अटकतो ना, बाई. मेणबत्ती घासली की एकदम मक्खन!"

बाई पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या. तिथे मुरांब्याच्या ताज्या बरण्या होत्या. हवा लागू नये म्हणून प्रत्येकीत वर पांढऱ्या मेणाचा थर ओतलेला होता.

परत येऊन त्यांनी फॉर्मवर दोन थेंब टाकले. कोपऱ्यातला कागदात मुरला. सहीच्या जागेवरचा तसाच गोल उभा राहिला.

"इथे पॅराफिनचं मेण आहे. ते पाणी पीत नाही, शाईही पीत नाही. शाई नुसती वर राहिली आणि टिपकागदाने सगळी उचलली."

"दिवाकर!" अप्पासाहेब गरजले.

"थांबा. घासलेल्या मेणाचे ओरखडे दिसतात. हा डाग उजेडात बघा, सगळीकडे सारखा. मेण वितळवून लावलंय. या घरात मेण कोण वितळवतं? आणि सही वाळायच्या आत टिपायची घाई कोणाला झाली होती?"

लीलाचा चेहरा उतरला. "आई, तू?"

रमाबाईंनी नाही म्हटलं नाही. "तू गेलीस की इथे माझ्याशी बोलणार कोण? सगळ्यांना माझ्याकडून फकत चाय पाहिजे. घाबरले गं मी."

रमाबाईंनीच टाक शाईत बुडवून दिरापुढे धरला. "भावजी, मेणाच्या बाजूला करा सही. गुन्हा माझा आहे, तिचा नाही."

अप्पासाहेबांनी पुटपुटत सही केली. लीलाने फॉर्म उचलला आणि आईकडे न बघता चपला घातल्या. पोरीचा राग काही खोटा नव्हता.

रमाबाई दारापर्यंत आल्या.

"लीले, पायी गेलीस तर पाच वाजतील. टांगा कर."